भाऊ मला घ्यायला निघाला होता

भाच्याचा फोन आला तेव्हा मी भाऊशी अबोला धरून होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला जरा सोपं जाईल. "आत्या, आप्पा गयात..." एवढंच तो म्हणाला. छातीत कफ साठला, शहाद्याच्या दवाखान्यात नेलं, पण उपयोग झाला नाही. माझा थोरला भाऊ तिकडे जग सोडून गेला आणि मी इकडे नाशिकला, साठी उलटलेली शहाणी बाई, त्याच्यावर रुसून बसलेली.

आमच्या खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशीण माहेरी जाते, पण अशीच उठून जात नाही. मुऱ्हाळी लागतो. माहेरचं माणूस घ्यायला आलं की मगच पिशवी भरायची. म्हसावदजवळच्या आमच्या गावाहून भाऊ दरवर्षी सकाळच्या बसने नाशिकला यायचा, हातात शेतातल्या पपयांची गोणी. माझे यजमान चेष्टा करायचे, "हिला सगळीकडे एकटीला जाता येतं, माहेरीच तेवढं जाता येत नाही." भाऊ त्यावर नुसता हसायचा. चहा संपायच्या आधीच त्याची घाई सुरू, "चाल सुमी, गाडी चुकी जाई." केस पिकले तरी त्या हाकेसरशी मी परकर-पोलक्यातली होऊन जायची.

मग त्याला पार्किन्सन्स झाला. उजवा हात बसल्या जागी थरथरायचा आणि दारातून निघताना पाय असे थांबायचे की जणू कुणी खिळे ठोकलेत. नाशिकच्या डॉक्टरांनी बजावलं, गोळ्या आहेतच, पण व्यायाम सोडू नका. तिथल्या व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमनी त्याच्या मोबाइलमध्ये एक ॲप घालून दिलं, आणि मनगटावर बांधायला घड्याळ. ॲपमधली बाई शुद्ध मराठीत "गुडघा वर उचला" म्हणायची, की भाऊ "हाव बाई" म्हणत उचलायचा. तो किती चालला याचा आलेख थेट माझ्या फोनवर. डाव्या मनगटावर त्याचं लग्नातलं घड्याळ होतं, ते काही तो काढेना, म्हणून नवं उजव्यावर बांधलं. थरथरत्या हातावर... तेव्हा कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मी शाळामास्तरीण, गृहपाठ तपासल्याशिवाय मला चैन पडत नाही. संध्याकाळच्या रेघा उंच दिसल्या की फोन करून शाबासकी द्यायची, सकाळच्या बुटक्या दिसल्या की झाडायची. "सकाळी काय लोळत पडतोस का? संध्याकाळी जमतं, मग सकाळी काय होतं?" तो म्हणायचा, "मन्हा पायपेक्षा हातच जास्त चालस, सुमी." मला वाटलं, थट्टा करतोय. दुरून डोंगर साजरे म्हणतात ना, तसा मला तो फोनवर दिवसेंदिवस बरा होताना दिसत होता. इतका बरा, की दिवाळीनंतर मी त्याला बघायलाही गेले नाही.

त्या ॲपमध्ये 'तुमचे ध्येय' म्हणून एक रकाना होता. दिवाळीला गेले होते तेव्हा मीच त्याच्या वतीने भरला होता, 'आखाजीला सुमीला घ्यायला नाशिकला जाणे.' वर त्याला दटावलं, "तू स्वतः आलास तरच येईन. दुसऱ्या कुणाला पाठवलंस तर आल्या पावली परत पाठवीन." त्याला हुरूप यावा म्हणून बोलले. तो म्हणाला, "येसू. मीच येसू." आखाजी जवळ आली तशा संध्याकाळच्या रेघा आणखी उंच गेल्या आणि मी शेजारणींना सांगत सुटले, यंदा भाऊ येतोय. आदल्या दिवशी भाच्याचा फोन आला, "आप्पांना नाही जमणार आत्या, मी गाडी घेऊन येतो." माझं डोकंच फिरलं. फोन भाऊला द्यायला लावला आणि म्हटलं, "रोज एवढा चालतोस आणि बसमध्ये बसवत नाही? बहिणीचा कंटाळा आला म्हण ना सरळ." पलीकडून नुसतं "बरं." आजाराने त्याचा आवाज आधीच बसलेला, मला मात्र तो रुसल्यासारखा वाटला. मी गेले नाही. त्यानंतर फोनही केला नाही, त्यानेच आधी करावा म्हणून.

दिवसकार्य झाल्यावर वहिनीजवळ बसले होते. ती म्हणाली, "रोज सकाये स्टँडवर जायेत. नाशिकले जानारी मुक्कामी गाडी उभी ऱ्हास ना, तिनी पायरी चढाना सराव करेत. पोऱ्या संगे येस म्हने तर ते बी नको. मुऱ्हाळी एकटाच जास, म्हनेत. अन् तुमले सांगानं नही. एकदम दारशी जाईसन उभा ऱ्हासू, म्हनेत."

"आणि संध्याकाळी?"

"संध्याकाये दमी जायेत. ओट्यावर बठेल ऱ्हायेत, हात कापे तसाच."

मी उठून मॅडमना फोन लावला. घड्याळ कोणत्या हातावर होतं आणि सकाळी तो बसची पायरी चढायचा, ते सांगितलं. हात थरथरला तरी ते घड्याळ चालणं म्हणून मोजू शकतं, म्हणाल्या. आणि हाताने बसच्या दाराची दांडी घट्ट धरलेली असली, तर खरी हालचालही त्याला कळत नाही. म्हणजे तो ओट्यावर थकून थरथरत बसायचा, तेव्हा मी शाब्बास म्हणत होते. आजार वाढत होता तशी माझी शाबासकी वाढत होती. आणि ज्या सकाळी तो माझ्यासाठी दांडीला लटकून पायरी चढत होता, त्याच सकाळसाठी मी त्याला आळशी ठरवत होते. एकदा जाऊन नुसती त्याच्याशेजारी बसले असते तर कळलं असतं. त्यासाठी ना घड्याळ लागत होतं, ना मॅडम.

निघताना भाचा गाडीने सोडतो म्हणत होता. मी नको म्हटलं आणि सकाळच्या त्याच बसला गेले. पायरी खरंच उंच आहे, माझाच गुडघा कुरकुरला. मी कोण ते कंडक्टरला कळलं असावं, गाव लहान. "भाऊसनी बहीन ना तुम्ही?" त्याने माझी पिशवी आत घेतली. "चढाले जमी गयथं त्यासले, ताई. उतराले नही जमे, मी हात देऊ तव्हय उतरेत. आखाजीना आधला दिनले बी ईसन बठेल व्हतात गाडीमा. मंग म्हने, नाशिकले उतरसू कसा... अन् घर चालना गयात."

तेवढंच अडलं होतं. कुणाची सोबत नको म्हणणाऱ्या माझ्या भावाला नाशिकच्या स्टँडवर फक्त एक हात हवा होता, आणि ती बस यायच्या वेळी मी घरी बसून त्याच्या चालण्याच्या रेघा बघत होते.