हीटरसाठी देव हलवले

सुनेचं दुसरं बाळंतपण आमच्याकडं, देवळाली प्रवऱ्याला झालं. नव्वद सालानंतरची गोष्ट. ऐन पौषातलं पोर, त्यात दिवस भरायच्या आधीच आलेलं, मुठीएवढं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, ऊब द्या पण धूर नको. आणि आमच्यात तर बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवायची रीत! मी ती शेगडी उचलून अंगणात नेली आणि मुलाला पुण्याहून भिंतीवर लावायचा विजेचा हीटर आणायला लावला.

धाकट्या दिरांनी तो बाजेच्या बरोब्बर वर, मातीच्या भिंतीत खिळा ठोकून टांगला. म्हणे, "वहिनी, शेक कसा जवळून लागला पाहिजे." मी खिळा नुसता हलवून बघितला, तर ढेकळासकट हातात आला.

"भावजी, हा तापलेला पोराच्या अंगावर आला म्हंजे? तुम्ही निजा त्याच्याखाली!"

पक्क्या विटांची भिंत त्या खोलीत एकच, आणि तिच्यावर देव्हारा. मी म्हटलं, देव स्वयंपाकघरात न्यायचे.

सासूबाई ओट्यावरून कडाडल्या, "घरात सुयेर चाललंय. दहा दिस कुनी देवाला शिवत न्हाई, आन् तू देव हलवाया निघालीस?"

"व्हय आत्याबाई. पाप लागंल ते माझ्या नावावर टाका. मी हलवणार."

आणि हलवले. एकेक टाक स्वच्छ ताटात ठेवून नेला. मग वायरमनला बोलावलं. त्यानं विटांत लाकडी गट्टू ठोकले, त्यांत स्क्रू आवळून लोखंडी पट्टी बसवली. जाड वायर, तीन पिनांचा मोठा प्लग, अर्थिंगची तार पार बाहेर जमिनीत. दिरांना म्हटलं, "ओढा आता पट्टी, किती जोर हाय बघू." त्यांनी पाय भिंतीला लावून ओढली. हलली नाही.

मगच हीटर वर चढला. बाज मी समोरच्या भिंतीला सरकवली. दोरीवरच्या गोधड्या, दुपटी, दाराचा पडदा, सगळं खोलीबाहेर काढलं. खिडकीची फळी जराशी उघडी ठेवली.

सासूबाईंनी अबोला धरला. बाळ बघायला आळीतल्या बायका आल्या की मात्र मला ऐकू जाईल असं सांगायच्या, "हिनं देव उठवलं बरं का!"

"उठवले," मी म्हणायची. "आता पोराच्या पायाला हात लावून बघा."

बायका दुपट्यात हात घालायच्या. पाय चांगले गरम असायचे.