मोहरीची वाटी

फोर्टातल्या एका जुन्या हॉटेलात मी शनिवारी दुपारी स्टेक खायला जातो. खिडकीजवळच्या टेबलावर एक म्हातारं जोडपं नेहमी असायचं. नवऱ्याचा उजवा हात लुळा पडलेला. म्हणून बाई आधी आपल्या ताटलीतला स्टेक बारीक कापायच्या आणि मग दोघांच्या ताटल्यांची अदलाबदल करायच्या. त्यांच्या नवऱ्यासाठी वेटर सावंत न सांगता वाटलेल्या तिखट मोहरीची वाटी आणायचे. बाईंना तिचा वाससुद्धा सोसायचा नाही.

काल बाई एकट्याच आल्या. स्टेक आला. त्यांनी तो सावकाश, नेटका कापला आणि ताटली समोर सरकवली. समोर रिकामी खुर्ची होती. त्यांचा हात तिथेच थांबला.

माणूस गेल्याचं डोळ्यांना कळतं, कानांना कळतं. हातांना मात्र कुणी सांगतच नाही.

सावंतांनी ताटली हळूच उचलून पुन्हा त्यांच्यापुढे ठेवली. “बाई, निवायच्या आत खाऊन घ्या.”

बाईंनी मान हलवली, काटा उचलला. तेव्हा माझं लक्ष सावंतांच्या दुसऱ्या हाताकडे गेलं. तो त्यांनी पाठीमागे धरला होता, आणि त्यात मोहरीची वाटी होती.