साहेबाने सरळ केलेला ओढा

एका ओढ्याबद्दल मी जे लिहिलं ते अर्धंच खरं होतं, आणि उरलेलं अर्धं मला लिहितानाच माहीत होतं. नजरचुकीने राहून गेलं असतं तर आज हे मांडत बसलो नसतो. मी ते जाणूनबुजून गाळलं.

बेळगावच्या एका हायस्कूलमध्ये मी भूगोल शिकवतो. शाळेच्या स्मरणिकेसाठी लेख मागितला, तेव्हा मी हा ओढा निवडला. जांभ्याच्या तांबड्या उतारावर तो उगम पावतो. तिथे उन्हाळ्यात चप्पल न भिजवता ओलांडता येतो. सांबरा गावाच्या बाजूला काळ्या, चिकट जमिनीत उतरला की मात्र रुंद होतो आणि भाताच्या शेतांतून रेंगाळत जातो. मधला मैलभराचा तुकडा तेवढा पट्टीने आखल्यासारखा सरळ आहे. दोन्ही काठांना घडीव काळा दगड, वर एक कमानीची मोरी, म्हणजे छोटा दगडी पूल. हे असं का, हे शोधताना एका कचेरीत मला इंग्रजी अमलातला नकाशा बघायला मिळाला. त्या सरळ रेघेशेजारी बारीक अक्षरांत नोंद होती, की हे काम कॅम्पातल्या पलटणीच्या घोड्यांच्या पाण्यासाठी केलेलं आहे.

मला लेखाचं पहिलं वाक्यच सापडलं: हा ओढा नाहीच, हा साहेबाने खणलेला पाट आहे.

छापायला देण्याआधी काठावरच्या एका वयस्कर जैन शेतकऱ्यांना भेटलो. घरात ते कन्नड बोलत, माझ्याशी मराठीत बोलले. नकाशाचं ऐकून हसायलाच लागले.

“साहेबानं हळ्ळ, ह्यो ओढा, खणला? मग साहेब यायच्या आधी आमचं भात काय आभाळात पिकत होतं व्हय?” काठीने त्यांनी पलीकडची खोलगट जमीन दाखवली. “ओढा तिकडनं वळत होता. साहेबानं वळण तोडून सरळ केला. आमच्या पणज्याचं रान गेलं त्यात. पण लई पाऊस लागला की पाणी अजून जुन्या वळणानंच येतंय. माझ्या बघण्यात दोनदा आलंय.”

“नकाशात वळण नाही, आप्पा.”

“उन्हाळ्यात काढला असंल नकाशा.”

त्यांचं बोलणं मी वहीत उतरवून घेतलं, लेखात घेतलं नाही. घेतलं असतं तर माझं ते पहिलं वाक्य गेलं असतं. आणि खरं सांगायचं तर इंग्रजांचा कागद मला पुरावा वाटला, आप्पांचं बोलणं नुसती आठवण वाटली. वर्गात त्याच इंग्रजांच्या राज्याविरुद्ध तावातावाने बोलणारा माणूस मी. लेख सगळ्यांना आवडला.

पुढे त्या खोलगट जमिनीत मुरूम टाकून प्लॉट पाडले. आमच्या शाळेतल्या क्लार्कने त्यातला एक घेतला. त्याची बायको ओढ्याजवळ नको म्हणत होती. तिला त्याने काय सांगितलं, हे त्याने मला मोठ्या कौतुकाने ऐकवलं, तेव्हा घराचा पायाही भरून झाला होता.

“स्मरणिका पुढं ठेवली, सर. म्हटलं, सरांनी लिहिलंय, ह्यो ओढाच न्हाय, पाट हाय; पाटाला कुठला पूर? गप बसली.”

मी वास्तुशांतीची तारीख विचारली.

त्यानंतरच्या प्रत्येक पावसाळ्यात मी मोरीवर स्कूटर थांबवून पाणी कमानीच्या कितव्या दगडाला लागलंय ते बघत आलो. चौथा दगड बुडाला की काहीतरी निमित्त काढून त्याच्या घरी जायचो आणि मागची भिंत ओली झालीय का ते हाताने चाचपायचो.

“सरांना आमचा चहा लई आवडलाय,” क्लार्क म्हणायचा.

“चहा कुठला? भूगोलाचे सर हायेत ते. ओढा बघायला येत्यात, आपल्याला न्हाय,” वहिनी म्हणायच्या.

मी हसायचो.

गेल्या वर्षी त्याने आईला निपाणीहून आणलं. आयुष्यभर विड्या वळलेल्या त्या बाई, खुब्याचं हाड मोडल्यावर अंथरुणाला खिळल्या होत्या.

“आईला मागची खोली बरी. थंड हाय, खिडकीतनं रान दिसतंय. काय सर?”

वहिनी माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणालो, “छान आहे.”

लेखापेक्षाही हे दोन शब्द मला जास्त टोचतात. लेख लिहिला तेव्हा तिथे कुणी राहत नव्हतं.

यंदा जुलैच्या शेवटी तीन दिवस पावसाने उसंत दिली नाही. चौथ्या दिवशी सकाळी क्लार्कचा फोन आला आणि मी धावलो. ओढा समोर आपल्या दगडी काठांतच होता. पाणी आलं होतं ते मागून, आप्पांनी काठीने दाखवलं होतं तिथून. मागच्या खोलीत ते गुडघाभर साचलं होतं. आईंना खुर्चीत बसवून शेजाऱ्यांच्या माडीवर नेलं होतं. मी वर गेलो, तर चादरीत गुंडाळलेल्या आई मुलावरच चिडल्या होत्या.

“खाट हलली तवा कळलं. हाका मारून घसा बसला, ह्यो उठंना!” मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “तुमीच का ते ओढ्याचं सर?”

“आई, सरांचा काय संबंध? पाऊसच तसला हाय,” क्लार्क म्हणाला. वहिनी कोपऱ्यात ओल्या साड्या पिळत होत्या. त्यांनी वर बघितलं नाही.

“संबंध आहे,” मी म्हणालो. सगळं सांगितलं. आप्पा, जुनं वळण, वहीतली नोंद. “तुम्ही प्लॉट घ्यायच्या आधीपासून मला माहीत होतं. आईंना त्या खोलीत ठेवलं तेव्हाही माहीत होतं.”

क्लार्क माझ्याकडे वळला. “मग बोलला का न्हाय, सर? एवढ्यांदा आलासा घरी.”

“माझं लिहिणं खोटं ठरेल म्हणून.”

वहिनींचे हात थांबले होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

“वहिनी, तुम्ही नको म्हणत होता ते बरोबर होतं. माझ्या लेखानं तुम्हाला गप्प बसवलं. चूक माझी आहे, पावसाची नाही. मला माफ करा.”