नळ्यांवरचा थर

त्या दिवसांत कुणी विचारलं, "काय करतेस सध्या?" तर मी चिडून सांगायचे, "जिवाणू पाळते." लोकांना ती थट्टा वाटायची, पण मी खरोखर तेवढंच करत होते. दोन हजारच्या दशकाच्या मध्याची गोष्ट. गोंदियाजवळच्या एका प्लांटमध्ये तांदळाच्या कोंड्यातून तेल काढायचे, त्यासाठी हेक्झेन वापरायचे. पेट्रोलसारख्या वासाचं हे रसायन बघता बघता उडून जातं, आणि बाहेर सोडलेल्या हवेबरोबर साऱ्या आवारात पसरतं. डोकं कायम जड. जेवणाला तो वास, उशीलाही तोच.

नागपूरच्या माझ्या गाइड सरांनी त्या हवेसाठी एक यंत्र बसवलं होतं. कमरेएवढं पारदर्शक पिंप, त्यात पाणी, आणि पाण्यात शेवयांसारख्या बारीक सिलिकॉनच्या नळ्यांचा जुडगा. नळ्यांच्या आतून वासाची हवा जायची. हेक्झेन पाण्यात नीट विरघळत नाही, पण नळीच्या पातळ भिंतीतून झिरपतं. आणि भिंतीच्या बाहेरच्या अंगाला जिवाणूंचा करडा, बुळबुळीत थर बसलेला असतो, तो ते खाऊन टाकतो. पुढे निघते ती स्वच्छ हवा. ऐकायला छान आहे. अडचण एवढीच, की या पाहुण्यांचे लाड संपत नाहीत. लाइट गेली की जनरेटर लावा, पाणी आंबट झालं की सोडा घाला, पंप घरघरला की धावा. मी आवारातल्याच एका खोलीत राहायचे. ठिणगीच्या भीतीने मोबाइल गेटवर जमा, आणि अंधार पडला की गेट बंद. मी प्रयोग चालवतेय की प्रयोगाने मला डांबून ठेवलंय, हेच मला कळेनासं झालं होतं.

सुटायची वाट एकच होती. पुण्याच्या एका प्रयोगशाळेने मला जागा देऊ केली होती. अट अशी, की यंत्र उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंत न थांबता चाललेलं दाखवायचं; मग दिवाळीनंतर रुजू व्हायचं. पुण्यात मला काय करायचं होतं देव जाणे. मला फक्त इथून जायचं होतं.

माझ्याशी बोलणाऱ्या एकट्या मावशी, प्लांटमध्ये झाडलोट करणाऱ्या. पिंपाकडे बघून नाक मुरडायच्या. "एवढ्या शिकल्या तुमी बाई, आन् हे शेवाळ काऊन साचू देऊन राहिल्या?" मी हसायचे. त्यांना सांगत बसायचा मला कंटाळा यायचा.

दसऱ्याला मी सुट्टी घेतली. आमचं घर सडक अर्जुनीचं, बौद्ध. त्या दिवशी आईबाबांबरोबर नागपूरला दीक्षाभूमीवर जायचं, हे लहानपणापासून ठरलेलं. पंपावर लक्ष ठेवायला ऑपरेटरला सांगून मी आदल्या दिवशी निघाले. तो आदला दिवस म्हणजे खंडेनवमी. आमच्या घरात ती कधी नव्हतीच, त्यामुळे माझ्या ध्यानीमनीही आली नाही. कारखान्यात मात्र त्या दिवशी झाडूपासून बॉयलरपर्यंत सगळं धुऊन पुसून पूजतात.

परत आले तर पिंपाला झेंडूचा हार, कपाळ समजून मधोमध कुंकू, आणि आत नळ्या नव्याकोऱ्या, पांढऱ्याशुभ्र. पंप इमानदारीत चालू होता. मावशी पदर खोचून कौतुकाची वाट बघत उभ्या.

"पाहा बाई! साऱ्या मशिनींनी आंघोळ केली, मंग तुमचीच काऊन घान ठेवाची? कास्टिकच्या पान्यानं धुतली. अगरबत्ती मातर गेटच्या बाहेर लावली, आत काडी पेटवत नाही ना."

मी खालीच बसले आणि रडायला लागले.

"काऊन रडून राहिल्या वो? फुटलं का काही?"

"मेले, मावशी! सगळे मेले!" मी ओरडले.

मावशींनी घाबरून मागे वळून पाहिलं. "कोन मेलं?"

मग मी सांगितलं. आधी सांगायला हवं होतं ते सगळं, हुंदके देत. मावशींनी हार काढला आणि तो कुठे ठेवावा ते न कळून हातातच धरून उभ्या राहिल्या.

गेटवरून फोन केला, तर सर म्हणाले, "पुन्हा लाव." पुण्याचे लोक थांबणार नव्हते, म्हणजे ती जागा गेलीच; आणि अर्धवट काम घेऊन मला कुठेच जाता येणार नव्हतं. मी विरजण म्हणून प्लांटच्या सांडपाण्याच्या नालीतला गाळ आणून पिंपात ओतला आणि पंप सुरू केला. कित्येक दिवस काहीच झालं नाही. मावशी रोज यायच्या, हात पाठीमागे बांधून दारातूनच डोकावायच्या आणि जायच्या. त्यांचा राग राग करायचं मी ठरवलं होतं, तेही जमलं नाही.

दिवाळी होऊन गेल्यावर एका सकाळी नळ्यांवर करडी लव दिसली. बाहेर पडणाऱ्या हवेतला हेक्झेनचा आकडा उतरला होता. मी आरोळीच ठोकली. मावशी झाडू टाकून धावत आल्या. आम्ही दोघी पिंपावर वाकून वेड्यासारख्या हसत होतो.

"जगले का वो?"

"जगले, मावशी!"

"मंग आता तुमी पुन्याले जाऊन राहिल्या का?"

तेव्हा मला आठवलं. पुण्याला रुजू व्हायचा दिवस आजचाच होता.

"यांना सोडून आता कशी जाऊ?" मी म्हणाले. हे माझ्याच तोंडून निघालं, सहज, घरच्या बाईने म्हणावं तसं. मावशी खूश होऊन झाडायला गेल्या. माझं हसू ओठांवर तसंच राहिलं, आणि स्वच्छ झालेल्या त्या हवेत मला श्वास घेता येईना.