शेल्याखालचा हात

आधीच सांगून टाकतो... मी बांधकाम खात्यातला ओव्हरसियर. ज्या वस्तूला टेप लावता येत नाही ती माझ्या लेखी नसतेच. पुलाखाली भूत दिसल्याचे अर्ज माझ्याकडे रीतसर आलेले आहेत, आणि मी ते तितक्याच रीतसर पुलाच्या डागडुजीच्या फायलीत लावलेले आहेत. त्यामुळे पुढचं वाचून माझे सहकारी हसणार, हे मला ठाऊक आहे. हसू देत.

महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. मी बुलढाण्याला होतो. पस्तिशी ओलांडलेली, मालकीची एक सायकल आणि एक वेड — मोटारी. मुंबईच्या रद्दीतून विलायती मोटारींची मासिकं मागवायचो आणि जेवताना वाचायचो. बायको म्हणायची, "लोकाइचे नवरे पोथी वाचतात, आमचे कार्बोरेटर वाचतात."

तिची सख्खी मावशी नांदुऱ्याला. द्वारकामावशी. कापसाच्या जिनिंग कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर घर, मागे सरकी साठवायचं टिनाचं शेड, आणि त्या शेडात — बाटलीहिरव्या रंगाची विलायती स्पोर्ट्स सलून मोटार! कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. त्या गाडीचे भक्त पत्रं लिहून माझ्या चुका काढतील. दारं चार, पण बसकण अशी बुटकी आणि नाक असं लांब, की शेडात उभी असताना तिचं तोंड मलकापुरात पोचलंय असं वाटावं. मावशीच्या यजमानांनी, म्हणजे आमच्या मावसाजींनी, ती एका कापूस कंपनीच्या साहेबाकडून घेतली होती, तो मायदेशी परत निघाला तेव्हा.

मावसाजी आदल्या हिवाळ्यात गेले. गाडी तशीच उभी राहिली. मग अकोल्याच्या एका माणसाने मागणी घातली. इंजिन काढून विहिरीवर पंपाला जोडायचं आणि उरलेलं सगळं भंगारात! मावशीचे भाऊ, वरवट बकालचे नामदेवमामा, "देऊन टाक" म्हणत होते. मावशी ना हो म्हणे, ना नाही. एकच धरून बसली होती — "त्याहिले इचारल्याबिगर कशी देऊ?"

हे कानावर आलं आणि मी रविवारी बायकोला घेऊन नांदुऱ्याची एस.टी. धरली. प्लॉटसाठी ठेवलेले पैसे पिशवीत होते. बायको खिडकीकडे तोंड करून बसली होती, यावरून ते पैसे कोणाचे होते हे समजून घ्यावं.

मामा फाटकातच भेटले. "या जवाईबापू! उद्या अकोलेवाला ट्रक घेऊन येऊन राह्यला. पाहाचं तं आजच पाहून घ्या."

दुपारच्या लख्ख उन्हात आम्ही चौघांनी ढकलून गाडी शेडाबाहेर काढली. आता माझी विद्या दाखवायची वेळ होती. मोडक्या स्पीकरचं लोहचुंबक रुमालात गुंडाळून मी पत्र्यावरून फिरवू लागलो. चुंबक चिकटलं नाही, की तिथे गंज पोटीनचा लेप देऊन झाकलाय असं समजायचं.

"हे काय लावून राह्यले? ताईत?" मामा म्हणाले.

"पत्रा तपासतोय, मामा."

मामांचा जन्म बैलबाजारात गेलेला. त्यांनी त्यांच्या पद्धतीने गाडीला एक फेरी मारली, चाकावर लाथ मारली, मागून वाकून पाहिलं. "पायानं बरी हाय. बसली तं उठते काय?"

"बॅटरी नाही ना तिला."

"म्हंजे उपाशी हाय. मंग भाव उतरला तिचा," असं म्हणून मामा स्वतःच दचकले, कारण विकणारे तेच होते.

माझा हिशेब असा निघाला — दारांखालची पट्टी गंजलेली, चामड्याच्या सीटमध्ये उंदरांनी संसार थाटलेला, पण अक्रोडाच्या लाकडाचा डॅशबोर्ड शाबूत, दोन्ही कार्बोरेटर जागेवर, आणि इंजिन हाताने फिरत होतं. गाडी मरू द्यायची नव्हती. पण अकोलेवाल्याइतकी रक्कम माझ्या पिशवीत नव्हती, हेही खरं.

"बोला," मामा म्हणाले आणि खांद्यावरचा शेला काढून त्यांनी तो गाडीच्या बॉनेटवर पसरला.

ज्यांनी बैलबाजार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. तिथे भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघांनी कापडाखाली हात घालायचे आणि एकमेकांची बोटं दाबून आकडा सांगायचा, म्हणजे भोवतालच्यांना कळत नाही. इथे भोवताली दोन बायका आणि एक शेळी होती. पण मामांची रीत ती रीत.

"अहो, मी जावई ना तुमचा?"

"शेल्याखाली कोनी जवाई नसते. घाला हात."

बॉनेटच्या एका बाजूला मी, पलीकडे मामा. मावशी आणि बायको ओट्यावर. हात घातल्यावर कापडाकडे बघायचं नसतं म्हणून मी लिंबाच्या झाडाकडे पाहत हात आत सारला. लगेच एका रुंद पंजाने तो धरला. मी माझा कंजूष आकडा दाबला. त्या हाताने माझी बोटं एकेक करून सरळ केली... लहान मुलाच्या मुठीतून माती काढून टाकावी ना, तशी. मग माझ्या हाताच्या पाठीवर तळवा ठेवून तो माझा हात हळूच वर सरकवू लागला. मध्यापर्यंत परत आणला. तिथे थांबवला. अंगठ्याने दोनदा थोपटलं. मग खाली नेला. पुन्हा तसंच. वर, मध्ये, थोपटणं, खाली.

हा कुठला आकडा? मी बैलबाजारात अगदीच अडाणी! विचारावं म्हणून मान वळवली.

मामा एका तळहातावर तंबाखू घेऊन दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने मळत उभे होते. "घाला ना हात लौकर," ते म्हणाले. "मी बार भरतो अन् घालतो माहा."

मी हात असा ओढला की शेला खाली पडला. खाली बॉनेट. नुसतं हिरवं बॉनेट...

"काय झालं? इंचू चावला काय?" बायको धावत आली. माझा चेहरा बघून तिने चेष्टा मात्र केली नाही.

मी सांगणारच नव्हतो. सरकारी माणूस, आणि वर जावई. पण मावशी ओट्यावरून उठून समोर आली आणि म्हणाली, "काय झालं ते खरं सांगा मले." मग बॉनेटवर हात ठेवून मी सगळं करून दाखवलं. वर. मध्ये. थांबायचं. दोनदा थोपटायचं. खाली.

मावशी ओट्याच्या कडेशी हळूच खाली बसली.

"मले असंच शिकवलं होतं त्याहिनं," ती म्हणाली.

"काय शिकवलं?" मामा.

"गाडी." मामांच्या हातातला तंबाखू सांडला. "जिनिंग बंद राहे त्या दिवशी मांगच्या आवारात नेत मले. गावाले ठाऊक नाही. तुले बी नाही. मी लय भेत होती. तं माह्या हातावर हात ठेवत. पयला गेर वर. मंग म्हनत, थांब, घाई नोको करू, तिले दम घेऊ दे. थोपटत. अन् मंग दुसरा, खाली."

मग मावशीने मला जे विचारलं, ते तिच्याशिवाय जगात कोणाला सुचलं नसतं.

"हात गरम होता काय हो?"

मी तोवर त्याचा विचारच केला नव्हता. आठवून पाहिलं.

"गरम होता, मावशी. चांगला गरम."

"शेवटी शेवटी बर्फावानी पडत होते," ती म्हणाली. "मी चोळो, चोळो... गरमच होत नव्हते." पदर तोंडाशी नेऊन ती रडली, आणि रडता रडता हसली. मग म्हणाली, "न्या गाडी. तुमीच न्या."

"अन् अकोलेवाला?" मामा म्हणाले.

"त्याले सांग, मालकानं देऊन टाकली."

भाव मावशीने माझ्यावरच सोडला. मी पिशवी उलटी केली. बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि रिकाम्या पिशवीची घडी घातली. मामांनी किल्ली दिली, तिला बांधलेली सुतळी मात्र सोडून घेतली. जनावर विकताना दावं देत नसतात ना! चहा होईपर्यंत मावशी आत गेली आणि एक जाड रजई काढून तिने अंगणातल्या भिंतीवर उन्हात टाकली. बॅटरी आणेपर्यंत गाडी तिथेच ठेवली, आणि परतताना एस.टी.त बायकोने सांगितलं — वर्षभर मावशी रोज ती मावसाजींच्या रिकाम्या पलंगावर अंथरत होती. त्यांना थंडी वाजू नये म्हणून.

स्पष्टीकरणं मी पुष्कळ करून पाहिली. उन्हाने बॉनेट तापलं होतं, म्हणावं तर बॉनेटला अंगठा नसतो. मामांनी थट्टा केली, म्हणावं तर त्यांचे दोन्ही हात मी डोळ्यांनी पाहिले, आणि मावशीला गाडी येते हे त्यांना त्या दिवशीच कळलं. बायकोचं मत, की हव्यासापायी मला भास झाला. असेलही. पण माझा हव्यास मला ओळखीचा आहे; तो इतका सबुरीचा नाही.

वाचकांपैकी कोणाला याचं शास्त्रीय कारण सापडलं, तर मला जरूर कळवावं. मावशीला मात्र कळवू नये.