वार पडेपर्यंत
परवा बुधवार पेठेतल्या एका डेअरीत जायफळ घातलेल्या खरवसाचा वास आला आणि मला आमची तांबडी गाय आठवली. येरवड्यापलीकडचं आमचं गाव तेव्हा नुकतंच शहरात आलं होतं, तरी गोठा दाराशीच होता. गाय सकाळी व्याली. वासरामागून बाहेर येणारी वार अजून पडायची होती. वासरू धडपडत उठून कासेकडे निघालं, तर सासऱ्यांनी त्याला ओढून खुंट्याला बांधलं. "गायीची वार पडल्याबिगर चीक पाजायचा न्हाय. बाधतो." पहिला चीक वासराला लगेच पाजा, असं जनावरांच्या डॉक्टरांनी मला बजावलं होतं. मी ते तीनतीनदा सांगितलं. सासऱ्यांनी तंबाखू मळायला घेतली. तोवर शेजारणी पातेली घेऊन दारात आल्या होत्या. कास तटतटली म्हणून सासऱ्यांनीच धार काढली आणि प्रत्येकीला चीक दिला. "मामंजी, वासराला बाधतो तो माणसांना कसा चालतो?" मी विचारलं. "माणसं शिजवून खात्यात," ते म्हणाले. दुपारी आळीभर जायफळाचा वास सुटला होता आणि वासरू दोरी चाटत बसलं होतं. वार संध्याकाळी पडली. मग त्याला कासेला लावलं, पण सड तोंडात धरायचंही त्राण त्याच्यात उरलं नव्हतं. पुढे हगवण लागून ते गेलं. शेजारणींची दृष्ट लागली, असं सासरे येईल त्याला सांगत राहिले. परवा डेअरीवाला म्हणाला, "पहिल्या धारेच्या चिकाचा आहे, ताई." मी विचारलं, "मग वासरू काय प्यालं?" त्याने सुरी उचलली. "गुळाचा देऊ का साखरेचा?"