गजूदादांचा नकार

तुमचे आजोबा आणि मी कोपरला राहायला आलो, त्या पहिल्याच आठवड्यात मी खाली कट्ट्यावर बसलेल्या एका गृहस्थांना विचारलं, "इथून खोपटला थेट बस मिळते का हो?"

माझं वाक्य पुरतं संपलंही नव्हतं. "हाय ना," ते म्हणाले, आणि हात करून थांबाही दाखवला.

मी तिथे पाऊण तास उभी राहिले. तशी बस नव्हती, कधीच नव्हती, आणि तो थांबा नसून कुणाच्या तरी पाण्याच्या टाकीचा चौथरा होता. परत येऊन मी जाब विचारला, तर गृहस्थ जराही ओशाळले नाहीत. "बाई, तुमी नव्या मानसा. आल्या आल्या तुमाला नाय कसा बोलाचा?"

हे आमचे गजूदादा. आमची इमारत ज्या जमिनीवर उभी आहे तिथे पूर्वी त्यांची भातशेती होती. त्यामुळे आम्ही सगळे रहिवासी म्हणजे आपल्या घरी आलेले पाहुणे, असा त्यांचा पक्का समज होता. आणि पाहुण्याला नाही म्हणायचं नसतं. गच्चीची किल्ली आहे का, हाय ना. प्लंबर येतो म्हणाला का, येतो ना. मी शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली बाई. वेळापत्रक, यादी आणि स्पष्ट उत्तर यांवर माझं आयुष्य चाललेलं. दोन वर्षांत मी शिकले, की गजूदादांचा होकार म्हणजे नमस्कारासारखा असतो. तो घ्यायचा, पण त्यावर विसंबून घराबाहेर पडायचं नाही.

फक्त एका ठिकाणी हा माणूस बदलत असे, आणि ते म्हणजे मासळी बाजार. तिथे मी त्यांना एकदा पाहिलं. कोळीण शपथेवर सांगत होती, मासा आत्ताच आला. गजूदादांनी कल्ला उचलला, वास घेतला आणि खाली ठेवला. "नाय बाय. यो कालचा हाय." ती रागावली, ओळखीची आठवण करून दिली, चार गोड शब्दही बोलली. दादा ढिम्म. जिभेच्या बाबतीत कुणी पाहुणा नाही, कुणी सोयरा नाही.

पुढे त्यांच्या पुतणीची हळद आली. आगरी समाजातली हळद, म्हणजे लग्नाहून मोठा सोहळा. मांडवात कुणीतरी विचारलं, "दादूस, तेवढी लाइटची माळ बांधशील का?" दादांना असली कामं येत नाहीत हे गावाला ठाऊक होतं. "बांधतू ना," ते म्हणाले आणि शिडीवर चढले. पकडीत धरलेली ताणलेली तार सुटली आणि तिचं टोक थेट उजव्या डोळ्यात शिरलं.

ठाण्याच्या एका रुग्णालयात त्याच दिवशी जखम शिवली. पण बुबुळाच्या मागे रक्त साठलेलं होतं, भिंगही गढुळलेलं. आत काय शिल्लक आहे ते बाहेरून दिसेना. आठवड्याने पुन्हा बोलावलं, तेव्हा त्यांच्या पत्नी हिराबाई माझ्याकडे आल्या. "बाई, इंग्लिशमधं कागद हायती, तुमी चला." म्हणून मी गेले.

डॉक्टर तरुण होत्या, शांत बोलायच्या. त्यांनी आधी डोळ्याची सोनोग्राफी केली आणि मला समजावून सांगितलं, "मागचा पडदा जागेवर आहे असं वाटतंय. पण जागेवर असणं वेगळं आणि काम करणं वेगळं. त्याला उजेड कळत असेल तर मोठं ऑपरेशन करण्यात अर्थ आहे. अजिबात कळत नसेल, तर हा डोळा ठेवून दुसऱ्या डोळ्यालाही धोका कशाला, असाही विचार करावा लागेल." म्हणजे डोळा काढायचा. हिराबाई ते ऐकून बाहेर बाकावर जाऊन बसल्या.

खोलीत काळोख केला. दादांच्या चांगल्या डोळ्यावर जाड पट्टी, वर त्यांचाच तळहात. डॉक्टर जखमी डोळ्यासमोर टॉर्च धरायच्या. कधी वर, कधी खाली, कधी उजवीकडे, कधी डावीकडे.

"काका, उजेड दिसतो?"

"दिसतो ना."

"कुठून येतोय?"

"इकरून."

"आता?"

"हाय ना."

मी कोपऱ्यात खुर्चीवर बसून सवयीने बोटांवर मोजत होते. बारा वेळा विचारलं. त्यातल्या चार वेळा डॉक्टरांनी टॉर्च लावलाच नव्हता, मुद्दाम. दादांनी बाराही वेळा उजेड पाहिला. दिशा तर ते मनाला येईल ती दाखवत होते.

डॉक्टरांनी दिवा लावला आणि कागदावर काहीतरी लिहायला घेतलं. मला हलक्या आवाजात म्हणाल्या, "बहुधा कळत नाहीये. अंदाजाने सांगताहेत."

मी इतकी वर्षं पेपर तपासले. सगळ्या प्रश्नांना एकच उत्तर लिहिणारा मुलगा मूर्ख असतोच असं नाही. कधी कधी त्याला फक्त बाईंना खूश करायचं असतं. मी म्हटलं, "डॉक्टर, जरा थांबा. हे तुमचा मान राखताहेत."

मग दादांना विचारलं, "टॉर्च लावला नव्हता तेव्हाही तुम्ही हो म्हणालात. का?"

"त्या एवऱ्या मेहनतीनं इचारतान," दादा कानकोंडे होऊन म्हणाले. "त्यांना वाईट वाटंल."

"त्या डॉक्टर नाहीत असं समजा. कोळीण आहेत. उजेड दिसला तर पाटीतला मासा ताजा, काळोख असला तर शिळा. आणि त्या तुम्हाला शिळा खपवायला बसल्यात. घ्याल?"

दादा खुर्चीत सरळ झाले. "मना कोन फसवतंय?"

डॉक्टर हसू दाबत उठल्या आणि पुन्हा काळोख केला. "घ्या काका, पापलेट."

काळोखातून आवाज आला, "ताजा. वरशी हाय."

"हे?"

"ताजा. डावीकरं."

"आणि हे?"

टॉर्च बंद होता.

"नाय बाय," गजूदादा ठामपणे म्हणाले. "यो कालचा."

त्या दिवशी त्यांनी एकही शिळा मासा घेतला नाही. फक्त खालच्या बाजूला टॉर्च लावूनही त्यांना काही कळलं नाही, तेही त्यांनी सांगितलं, "खाली काय नाय." डॉक्टरांनी कागदावरची आधीची ओळ खोडली. "पडदा खालचा उजेड सोडून बाकी सगळा पकडतोय," त्या म्हणाल्या. "आता मी यांच्या 'हो'वर विश्वास ठेवू शकते, कारण 'नाही' खरं आलं." बाहेर जाऊन त्यांनी स्वतः हिराबाईंना सांगितलं, डोळा काढायचा नाही, ऑपरेशन करू.

ऑपरेशन झालं. त्या डोळ्याने पेपर वाचता येत नाही, आणि ताटातली भाजी मान वाकवून शोधावी लागते. पण समोर कोण उभं आहे ते कळतं. परवा भेटायला गेले तेव्हा चांगला डोळा झाकून त्यांनी मला परीक्षा घेऊ दिली. "बाई, तुमी जारी झाल्या," म्हणाले. हिराबाईंनी त्यांना ओरडून गप्प केलं. हा होकार नव्हता, शिष्टाचारही नव्हता. माझं वजन वाढलंय हे निखळ सत्य होतं, म्हणून मी रागावले नाही.

तुम्ही दोघं नव्या गावी गेल्यापासून दर रविवारी फोन करता. मी विचारते, जेवण वेळेवर होतं का, झोप लागते का, कुणी मित्र मिळाले का. माझा प्रश्न संपायच्या आत तिकडून "हो आजी" येतं, एकामागून एक, सगळ्यांना सारखंच. फोन ठेवल्यावर मी ते बोटांवर मोजत बसते. येत्या रविवारी एखाद्या प्रश्नाला "नाही" म्हणून पाहा. कोणत्या ते तुम्ही ठरवा. मला वाईट वाटेल, पण ते माझं मी पाहीन. मग उरलेले "हो" मला खरे मानता येतील.